तंगीच्या दिवसांत हक्काची शिदोरी

लेखक : एक कृषी विस्तार अधिकारी, बी.एस्सी. (कृषी)



'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण आपल्या घरोघरी आहे. नागरिकत्व, मानवी हक्क असले शब्द गावच्या बैठकीत कोणी काढले, की हीच म्हण उत्तर म्हणून पुढे येते. पाऊस गेलेला, विहिरीने तळ गाठलेला, सोसायटीचे कर्ज थकलेले, दावणीच्या बैलांना वैरण नाही. अशा वेळी राज्यघटनेची कलमे ऐकायला सवड कोणाला? हक्कांच्या गोष्टी सुकाळात सांगा, आज भाकरीचे बोला, असे मंडळी म्हणतात.

म्हणणाऱ्यांचा राग धरण्याचे कारण नाही. पण तीस वर्षांच्या नोकरीत खेडोपाडी हिंडताना मला नेमके उलटे दिसत आले आहे. सुकाळात हक्क ठाऊक नसले तरी माणसाचे निभून जाते. कणगीत दाणे असतात, हाताला काम असते, शेजारीपाजारी उसनवार मिळते. तंगी आली की रेशनचा माल, कामाचा दाम, जमिनीचा तुकडा, पोरीची शाळा, सगळ्यांवर एकाच वेळी घाला येतो. आपले काय आहे हे ज्या घराला ठाऊक असते, ते घर हिशेब मागते. ज्याला ठाऊक नसते, ते घर हात पसरते. म्हणून हक्कांचे शिक्षण ही पोटोबाचीच गोष्ट आहे आणि ती खरी दुष्काळातच लागते. हे मी मनाने सांगत नाही. आपल्याच मुलखाचा इतिहास तसे सांगतो.

सव्वाशे वर्षांपूर्वीचे गाव-शिक्षण

१८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर इंग्रज सरकारने कमिशन नेमले आणि त्याच्या शिफारशींवरून दुष्काळाचे नियम तयार झाले. दुष्काळी काम कोणाला व कसे द्यावे, अशक्त माणसांना मदत कशी पोचवावी, हे त्यांत लिहिलेले होते. पीक बुडाल्यास सारा तहकूब करण्याची किंवा सूट देण्याची तरतूदही सरकारी नियमांत होती. पण हे सारे कचेरीच्या कपाटात आणि इंग्रजीत. रयतेच्या कानावर त्यातले काही आलेले नव्हते.

१८९६ साली पुन्हा पावसाने दगा दिला. तेव्हा लोकमान्य टिळक आणि पुण्याची सार्वजनिक सभा यांनी एक साधे काम हाती घेतले. सभेची माणसे गावोगाव गेली, सभा भरवल्या आणि सरकारचेच नियम मराठीतून समजावून सांगितले. 'केसरी'नेही तेच काम केले. पीक आले नसेल तर सावकाराच्या दारात जाऊन, भांडीकुंडी विकून सारा भरू नका, नियमाप्रमाणे तहकुबी मागा, असा तो उपदेश होता.

सरकारला हे रुचले नाही. १८९७ साली त्याने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की सभेने गावात शस्त्रे वाटली नव्हती, छापील नियम समजावले होते. नियम कपाटात आहे तोवर कोणाला त्याचा त्रास होत नाही. तो रयतेच्या तोंडी आला की कचेरी जागी होते.

सुकडीपासून कायद्यापर्यंत

१९७२ च्या दुष्काळाचे नाव काढले की आजही म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून सुकडी, मिलो आणि खडी हे तीन शब्द निघतात. १९७० पासून तीन वर्षे पावसाने ओढ दिली होती. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. कोणी खडी फोडत होते, कोणी पाझर तलावावर माती वाहत होते, कोणी रस्ता करत होते. त्यांत बाया मोठ्या संख्येने होत्या. घरच्या बांधाबाहेर मजुरीला कधी न गेलेल्या घरंदाज कुणब्याच्या सुनाही पाटी घेऊन उभ्या राहिल्या.

या कामांनी माणसे जगवली. त्याचबरोबर त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली. मजूर एका जागी आले, हजेरीपट पाहू लागले, किती ब्रास माती टाकली आणि किती दाम हाती आला याचा ताळा मांडू लागले. काम ही सरकारची मेहेरबानी नाही, संकटात काम मिळणे हा आपला अधिकार आहे, ही भाषा त्या कामांवर रुजली.

या विचाराचे बी आधीच पेरले गेले होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातील विसापूर भागात, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला होता. दुष्काळाच्या अनुभवाने त्याला बळ आले. खर्चासाठी १९७५ साली नोकरदार आणि व्यापारी वर्गावर व्यवसाय कर बसला. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खेड्यातल्या प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले तर १५ दिवसांत ते द्यायचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा, अशी त्यात हमी होती. घटनेच्या ४१ व्या कलमात कामाच्या हक्काचे मार्गदर्शक तत्त्व आहे. ते महाराष्ट्राने कायद्यात उतरवले.

पुढे देशानेही हाच धडा घेतला. २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्यात घरटी वर्षाला १०० दिवसांची हमी होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आणि दिवसांचा आकडा १२५ केला. कायद्याचे नाव बदलते, दिवस बदलतात, पैसा कोणी किती द्यायचा हे बदलते. म्हणूनच मागच्या साली ऐकलेल्यावर न थांबता यंदा काय लागू आहे हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारणे, हाही नागरिकपणाचाच भाग आहे.

अडचणीचा फायदा घेता येत नाही

दुसरा धडा राजस्थानातला आहे. अजमेर जिल्ह्यात हरमाडा गावाकडे जाणाऱ्या रस्त्याचे काम दुष्काळी काम म्हणून निघाले. कामावर बाया पुष्कळ होत्या. तेव्हा तिथले किमान वेतन रोजी ७ रुपये होते, पण मजुरांच्या हाती त्याहून कमी पडत होते. दुष्काळी कामांना मजूर कायद्यांतून सूट देणारा १९६४ चा कायदा त्या राज्याने करून ठेवला होता. 'उपाशी होता, काम दिले, मग दाम कमी का म्हणता?' असाच त्याचा अर्थ.

तिलोनिया येथील समाजसेवक संजित (बंकर) रॉय यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८३ साली न्यायमूर्ती भगवती आणि पाठक यांच्यापुढे निकाल लागला. किमान वेतनाहून कमी दामात काम करून घेणे ही घटनेच्या २३ व्या कलमाने बंद केलेली वेठ आहे, मग ते काम दुष्काळी का असेना, असे न्यायालयाने ठरवले. माणसाच्या अगतिकतेचा फायदा सरकारलाही घेता येत नाही, हे त्यातले सार.

वेठ म्हणजे काय हे आपल्या गावांना समजावून सांगावे लागत नाही. महारवतनाच्या नावाखाली राबवलेल्या पिढ्यांची आठवण अजून ताजी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले, ते याच जोखडाविरुद्ध. घटनेतले २३ वे कलम त्या जुन्या दुःखाचे उत्तर आहे. पण हरमाड्याच्या रस्त्यावर पाटी वाहणाऱ्या बाईला ते कलम कोणीतरी सांगावे लागले. कलम १९५० पासून घटनेत होते. तिच्या मजुरीत ते यायला तेहतीस वर्षे लागली.

हजेरीपट मोठ्याने वाचला तेव्हा

तिसरा धडाही राजस्थानचाच. १९९० साली तिथे मजूर किसान शक्ती संघटन स्थापन झाले. सरकारी कामांवर मजुरी पुरी पडत नाही, हे मजुरांचे नेहमीचे गाऱ्हाणे होते. विचारले की उत्तर यायचे, मस्टर पाहा, तुम्ही काम कमी केले. आणि मस्टर पाहू द्या म्हटले, तर ते सरकारी कागद, तुम्हाला दाखवता येत नाहीत.

डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली. मिळवलेले कागद सगळ्या गावासमोर मोठ्याने वाचले. कामावर कधीच न गेलेल्यांची नावे त्यांत निघाली, दिलेल्या आणि लिहिलेल्या मजुरीचा मेळ बसेना. अक्षर न येणारी माणसेही नुसत्या ऐकण्यावरून खोटे ओळखत होती, कारण कोण कुठल्या दिवशी कुठे होते हे गावाला ठाऊक असते. १९९६ साली ब्यावर येथे ४० दिवसांचे धरणे झाले. त्या मागणीतून पुढे देशभर चळवळ उभी राहिली आणि २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला.

तेव्हा हा कायदा शहरातल्या वकिलांनी बसून काढला, असा समज करून घेऊ नका. त्याचे मूळ दुष्काळी पट्ट्यातल्या मजुरांच्या हजेरीपटात आहे.

मानवी हक्कांचे नाते आपल्याशी

'मानवी हक्क' हा शब्द परका वाटतो, पण त्यात आपल्या देशाच्या एका बाईचा हात आहे. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारा शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी हरकत घेतली आणि तिथे 'सर्व माणसे' असा शब्द आला. याच हंसाबेन मुंबई इलाख्यातून आपल्या घटना समितीवर होत्या. त्या जाहीरनाम्याच्या २५ व्या कलमात अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी आणि बेकारी, आजारपण, म्हातारपण यांतला आधार सांगितला आहे. आता सांगा, यातले काय आपल्या चुलीपासून दूर आहे?

एक पाहिलेली गोष्ट

२०१३ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात पाण्याचे हाल होते. माझ्या फिरतीत दोन वस्त्या होत्या, एकाच ओढ्याच्या दोन काठांवर. एका वस्तीतल्या बाया रोज ग्रामपंचायतीत जाऊन तोंडी काम मागत आणि 'वरून काही आले नाही' हे उत्तर घेऊन परत येत. दुसऱ्या वस्तीत बचत गट होता. गटातल्या एका सातवी शिकलेल्या मुलीने सगळ्यांचे कामाच्या मागणीचे अर्ज भरले, तारीख घातली आणि पोच घेतल्याशिवाय त्या बाया उठल्या नाहीत. त्यांना पंधरवड्याच्या आत काम मिळाले. पहिल्या वस्तीतली निम्मी घरे तोवर उचल घेऊन मुकादमाच्या गाडीत बसली होती.

भूक दोन्हीकडे सारखी, गरज सारखी, कायदाही तोच. एका बाजूला कागद होता, दुसऱ्या बाजूला नव्हता, एवढाच फरक. पोच नसेल तर १५ दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे? भत्ता कशावर मागायचा?

घरात एवढे करावे

आता कामाचे बोलू. पुढील गोष्टी प्रत्येक कुटुंबाने, विशेषतः घरच्या बाईने आणि शिकणाऱ्या मुलांनी, ध्यानात ठेवाव्यात.

१. तोंडी मागू नका. कामाची मागणी असो, दाखला असो की तक्रार असो, अर्ज लेखी द्या, त्यावर तारीख घाला आणि पोच घ्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणे कचेरीवर बंधनकारक आहे. मुदत टळली तर अपील करता येते.

२. रेशनचा आकडा पाठ असू द्या. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो धान्य आहे. अंगणवाडीतला गरोदर बाईचा, अंगावर पाजणाऱ्या आईचा आणि सहा वर्षांपर्यंतच्या बाळाचा आहार याच कायद्यात येतो. तो कोणाच्या कृपेचा खाऊ नव्हे.

३. पैसेवारीकडे लक्ष ठेवा. पूर्वी आपण तिला आणेवारी म्हणत असू. पीक कापणी प्रयोग आपल्या शिवारात कोणत्या गटात आहे, कोणत्या दिवशी आहे, हे कृषी सहायकाला किंवा तलाठ्याला विचारा आणि त्या दिवशी तिथे उभे राहा. हंगामी पैसेवारी जाहीर झाल्यावर हरकत घेण्यास वाव असतो. ती मुदत गेल्यावर पारावर केलेल्या तक्रारीने आकडा बदलत नाही.

४. ग्रामसभा चुकवू नका. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्याआधी महिलांची सभा असते. कोणती कामे घ्यायची, लाभार्थी कोण, हे तिथे ठरते. आपण नसलो तरी ठरते, एवढे ध्यानात असावे.

५. सावकाराची पायरी चढण्याआधी विचारा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. अवैध सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर ती परत मिळण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. खरेदीखत झाले म्हणजे सर्व संपले, असे मानून स्वस्थ बसू नका. कोऱ्या कागदावर मात्र कधीही सही-अंगठा देऊ नका.

६. कागद दडवला तर माहिती मागा. माहिती अधिकारात ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही.

७. वकिलाच्या खर्चाला भिऊ नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे यांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे चौकशी करावी.

या सर्वांसाठी घरात एक पत्र्याची पेटी किंवा जाड फाइल असावी. रेशनकार्ड, सातबारा, आठ-अ, पासबुक, अर्जांच्या पोचा, सोसायटीच्या पावत्या एका जागी ठेवाव्यात. बियाण्याची पिशवी आणि पावती जपून ठेवा, उगवण झाली नाही तर तोच पुरावा, असे मी शेतकऱ्यांना नेहमी सांगतो. इथेही तीच गोष्ट.

आपल्या उंबरठ्याच्या आतले

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती थोडी कडू आहे. हक्क कचेरीतच मागायचे असतात असे नाही, ते आपल्या बांधावर द्यायचेही असतात. सरकारी कामावर मजुरी कमी पडली तर आपण मोर्चा काढतो. पण आपल्याच शेतात खुरपणीला आलेल्या बाईच्या हातावर पुरुषाच्या मानाने किती ठेवतो? पीक गेले की पहिली कात्री तिच्याच मजुरीला लागते. 'साल वाईट आहे, घ्या सांभाळून' हे वाक्य हरमाड्याच्या रस्त्यावरच्या वाक्यापेक्षा वेगळे नाही.

तीच गोष्ट मस्टरची. न राबणाऱ्या भावकीचे नाव मस्टरवर घालून घ्यायचे आणि वर भ्रष्टाचार वाढला म्हणायचे, हे जुळत नाही. खोट्या नावाचा दाम शेवटी खऱ्या राबणाऱ्याच्याच पाटीतून जातो.

आणि तीच गोष्ट पोरीची. तंगी आली की प्रथम मुलीची शाळा सुटते आणि मग 'एक तोंड कमी होईल' म्हणून तिचे लग्न उरकले जाते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे, आणि अठरा वर्षांआधी मुलीचे लग्न करणे हा गुन्हा आहे. ऊसतोडीला जाताना मुलांना कुठे ठेवायचे, हा प्रश्न मोठा आहे, मला तो ठाऊक आहे. आजी-आजोबांपाशी, हंगामी वसतिगृहात किंवा कारखान्याजवळच्या शाळेत, जशी सोय होईल तशी करा, पण शाळेच्या पटावरून नाव जाऊ देऊ नका. वर सांगितलेल्या वस्तीत अर्ज भरणारी पोर सातवी शिकलेली होती म्हणूनच अकरा घरांची चूल पेटली, हे विसरू नका.

हे शिकवायचे कोणी? शाळेत नागरिकशास्त्राचे पुस्तक आहे, पण ते परीक्षेपुरते वाचले जाते. खरी शाळा बचत गटाच्या बैठकीत, दुधाच्या डेअरीवर, कामाच्या जागी दुपारच्या भाकरीच्या वेळी भरू शकते. आठवड्याला एकच नियम घ्यावा. शिकलेल्या मुलाने तो वाचावा, बाकीच्यांनी आपल्या अनुभवाशी ताडून पाहावा आणि अडेल तिथे ग्रामसेवक, तलाठी, कृषी सहायक यांना बोलावून विचारावे. आम्हाला पगार त्यासाठीच मिळतो. विचारायला संकोच करू नये.

पावसाचे आपल्या हाती नाही. वाईट साले पूर्वीही आली, पुढेही येतील. पेरणीआधी आपण जसे बियाणे राखून ठेवतो, तशी ही माहिती चांगल्या सालातच घरात भरून ठेवावी. येत्या रविवारी सगळ्यांनी मिळून घरचे कागद काढावेत, कोणता आहे, कोणता हरवला, कोणाचे नाव रेशनकार्डावर चढायचे राहिले, ते पाहावे आणि जे राहिले असेल त्याचा अर्ज सोमवारी द्यावा. पोच घ्यायला विसरू नये.